तिशीच्या आतल्यांनी

एकच भाषा, असं स्पीच थेरपिस्ट संयुक्ता म्हणाली आणि तिनं लाकडी ठोकळ्यांच्या पेटीचं झाकण लावलं. झाकणाचा टक् असा लहानसा आवाज झाला. सहानानं त्या आवाजाकडे मान वळवली. म्हणजे कान चांगले आहेत, हे आम्हाला पुन्हा एकदा कळलं. कानांची तपासणी तर दोनदा झाली होती. दोन वर्षं नऊ महिन्यांची मुलगी आणि एक शब्द नाही. हसते, रडते, बोट धरून मला फ्रीजपाशी नेते, घशातून गुरगुरल्यासारखं काहीतरी करते, पण शब्द नाही. घरात भाषा किती, असं संयुक्तानं विचारलं तेव्हा माझा नवरा श्रीहरी बोटांवर मोजायला लागला. तो आणि त्याची अम्मा बोलतात ती तंजावरची मराठी, मी बोलते ती नगरची, खाली-वर सगळी तमिळ, टीव्हीवर इंग्रजी. मोजताना त्याला जरासा अभिमानच वाटत होता, ते मला दिसलं. संयुक्ता मात्र जुलाब लागलेल्या पोरानं काय काय खाल्लं ते लिहून घ्यावं तसं लिहून घेत होती. मग तिनं पेन ठेवलं. मुलीच्या डोक्यात गर्दी झालीय, म्हणाली, एक वाट मोकळी करून द्या. शेजार तमिळ, शाळा तमिळ, तर तमिळच. घरातल्या सगळ्यांनी, दिवसभर. जुलैत तिला तीन वर्षं पुरी होतील. तोवर शब्द आला नाही तर मग पुढच्या तपासण्या. त्या तपासण्यांची नावं तिनं इतकी हळू घेतली की मला त्यांतलं एकही नीट ऐकू आलं नाही आणि पुन्हा विचारायची माझी छाती झाली नाही. "आईनं विशेष करून," असं म्हणून ती माझ्याकडे बघून हसली. चांगलं हसली. आतापर्यंत पुष्कळ मुलं बोलती केलेली बाई, तिला मी काय म्हणणार.

दवाखान्यातून आमच्या घरापर्यंत दहा मिनिटांची वाट. श्रीहरीला दुसऱ्या पाळीसाठी इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्याची बस गाठायची होती, तो कोपऱ्यावरूनच गेला. सहानानं माझं बोट सोडलं आणि ती फुटपाथच्या कडेला धावली. मी तोंड उघडलं. अगं, गाडी येतेय बाळा, सावकाश, हे सगळं जिभेवर आलेलं होतं आणि मी ते गिळलं. मग सापडेल तो शब्द टाकला. "पातु, पातु." म्हणजे जपून; हे बसचा कंडक्टर म्हणतो, दारात लोंबकळणाऱ्यांना. माझ्या तोंडून तो तसाच निघाला, त्याच्याच खरखरीत आवाजात. सहाना थांबली आणि मागे वळून तिनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे पाहिलं, कोण बोललं म्हणून. चार वर्षांत मी तमिळ शिकले ती अशीच. भाजीवालीकडून, वॉचमनकडून, रिक्षावाल्याकडून. पुरे, किती, इकडे थांबवा, उद्या या. तिच्यात रागावता येतं. पण कुशीत घेऊन केसांतून हात फिरवताना जे बोलतात ते मला कुणीच शिकवलेलं नाही. रिक्षावाला कशाला शिकवेल.

"काय म्हणालीं तीं? अस्की सांग," सासूबाई म्हणाल्या. अस्की म्हणजे सगळं. हे असले शब्द मला लग्नाआधी फार गोड वाटायचे. श्रीहरी चाकणला नोकरीला होता तेव्हा तो पहिल्यांदा माझ्याशी बोलला, तर मला वाटलं हा कुठल्यातरी बखरीतून उठून आलाय. मी त्याला म्हटलंही होतं, घोडा कुठं बांधलात? मी कॉलेजात इतिहास शिकवायचे, मला त्याच्या घराण्याचं नवल होतं. साडेतीनशे वर्षांपूर्वी घोड्यांवरून दक्षिणेत उतरलेली माणसं, घोडे गेले, राज्य गेलं, बोलणं तेवढं उरलं. मी अस्की सांगितलं. सासूबाईंनी डाळ पाखडायची थांबवली. "साडेतीनशें वर्षें आम्हीं दोन भाषांत पोरें वाढवलीं. माझा थोरला भाऊ इतका बोलायचा कीं मास्तरानें तोंडाला रुमाल बांधला. आमच्यांत कोण मुका झाला मा?" असं पुष्कळ बोलल्या. मला बरं वाटत होतं, त्यांनी आणखी बोलावं, फोन करून संयुक्तालाच बोलावं असं वाटत होतं. पण तासाभरानं स्वयंपाकघरातून त्यांनी सहानाला हाक मारली ती तमिळमध्ये. किती सहज मारली. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जावं तशी. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की त्यांच्या घराला दोन दारं आहेत आणि माझ्या घराला एकच.

दुपारी सहाना एक ते तीन झोपते. तेवढेच माझे तास. पुण्याच्या एका प्रकाशकासाठी मी गवताळ मुलखातल्या घोडेस्वार लोकांचा इतिहास लिहीत होते, मराठी वाचकांसाठी, सोपा. शक, हूण, तुर्क, मंगोल असा मोठा पल्ला आहे. सुरुवातीची प्रकरणं भराभर झाली. पण संयुक्ताकडून आल्यानंतर मी तोबा लोकांपाशी येऊन पोचले आणि तिथंच अडकले. हे उत्तरेच्या रानातून आणि गवतातून खाली आलेले. त्यांनी सगळा उत्तर चीन घेतला. त्यांच्यातला एक राजा, श्याओवेन, यानं इसवी सन चारशे चौऱ्याण्णवमध्ये राजधानी उचलून दक्षिणेला, लोयांगला नेली, आणि दुसऱ्या वर्षी हुकूम काढला की दरबारात आपली जुनी बोली बोलायची नाही, चिनीच बोलायची. तिशीच्या आतल्यांनी लगेच सोडायची. तिशीच्या वरच्यांची सवय एकदम सुटणार नाही, त्यांना थोडी सवलत. मी हे वाक्य लिहिलं आणि शेजारी झोपलेल्या सहानाकडे पाहिलं. तिच्या वरच्या ओठावर घाम आला होता. मी बत्तीस वर्षांची आहे. त्या दरबारात एखादी बत्तीस वर्षांची बाई असेल आणि तिच्या मांडीवर तीन वर्षांचं मूल असेल, तर सवलत तिला होती, मुलाला नव्हती. मग ती त्याच्याशी काय बोलत असेल? दार लावून बोलत असेल? की ती सवलत तिला कुणाजवळही वापरता आली नसेल? याबद्दल कुठंही काही लिहिलेलं नाही. त्यांच्या बोलीतली पुस्तकं होती म्हणतात, जुन्या याद्यांत त्यांची नावं आहेत. फौजेचे हुकूम म्हणे बरेच दिवस जुन्या बोलीतच दिले जात, पुढं शिपायांनाच ते कळेनात म्हणून लिहून ठेवले आणि मुलांना पाठ करायला दिले. थांब. चल. वळ. तेही पुस्तक गेलं.

आईला सांगणं सगळ्यांत कठीण गेलं. नगरहून रविवारी सकाळी तिचा व्हिडिओ कॉल येतो. मी आधीच फोन करून म्हटलं, आई, सहानाशी मराठीत बोलू नकोस. तीन महिने. "म्हणजे कशात बोलू? मला काय येतंय गं तुमचं? इडली म्हणू का इडली?" ती हसली, मीही हसले. नुसती हस, हात हलव, मी म्हटलं. रविवारी ती पडद्यावर आली. चांगली साडी नेसली होती. बोलायचं नाही म्हणून तिनं दाखवायला वस्तू जमवून ठेवल्या होत्या. वांगं दाखवलं. पितळी घंटी दाखवली, वाजवली. शेजारच्यांचं मांजर उचलून आणलं होतं, त्यानं बोचकारलं तेव्हा तिच्या तोंडून "अगं आई गं" निघालं आणि तिनं गुन्हा केल्यासारखा तोंडावर हात ठेवला. सहाना पडद्याजवळ गेली. मग दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. सत्तरीची बाई आणि तीन वर्षांची मुलगी, दोघी सारख्याच मुक्या. मला वाटलं आता मीच ओरडेन. पाचव्या रविवारी कॉल आला नाही. संध्याकाळी मी केला तर म्हणाली, "कशाला गं तिच्या डोक्यात गोंधळ. बोलायला लागली की सांग, मग बघू." मागे कुकरची शिट्टी झाली, तेवढ्यावर तिनं फोन ठेवला.

इंटरनेटवर मी उलटंही वाचलं होतं. घरात चार भाषा असल्या म्हणून मूल उशिरा बोलत नाही, त्याच्याशी आई बोलेल तेवढं बरं, असं मोठमोठ्या डॉक्टरांनी लिहिलेलं. मी ते श्रीहरीला वाचून दाखवलं. तो गणवेशातच खुर्चीवर बसला होता, बुटाची नाडी सोडायचं त्राण नव्हतं त्याला. "आणि हे चूक निघालें तर?" त्यानं विचारलं. त्याचा आवाज अगदी मऊ होता. "जुलैंत मग कोणाला विचारायचें, विद्यु?" सहानाचं बोलणं आणि माझं बोलणं तराजूत घातलं तर मी कुठल्या पारड्यात हात घालणार? खरं म्हणजे मलाही मनातून तेच वाटत होतं. दोष माझ्याच बोलण्याचा निघाला तर? ती पोटात होती तेव्हापासून मी बडबडत होते. भांडी घासताना, पाय चेपताना, प्रकरणं लिहिताना मोठ्यानं वाचून. ती अंगावर प्यायची तेव्हा तिचा तळवा माझ्या गळ्यावर असायचा. मी बोलले की गळा थरथरायचा, तिला ती थरथर आवडायची. दूध सुटल्यावरही ती येऊन मांडीवर बसायची आणि हात वर करून गळा चाचपायची, बोल म्हणून. एप्रिलभर ती तशी येत राहिली. मी शिकलेली तमिळ वाक्यं म्हणायचे. हा चेंडू. हा चेंडू लाल आहे. हे सासूबाईंनी मला वहीत लिहून दिलेलं असायचं, देवनागरीत, आणि मी ते रेल्वेस्टेशनवरच्या घोषणेसारखं म्हणायचे. तळवा थोडा वेळ गळ्यावर राहायचा आणि मग खाली यायचा. मे उजाडला तोवर ती यायचीच बंद झाली. अज्जीच्या मागं मागं असायची. अज्जी तिला कावळा, लॉरी, पाण्याची टाकी असलं अस्की सांगायची, चढउतार करत, हेल काढत, मध्येच चापट मारत, खोटं रागावत. मला दारातून दिसायचं. मला त्यातले निम्मे शब्द कळायचे.

तोबांचं प्रकरण पुढं सरकेना. शशिकलाताई, पुण्याच्या संपादक, फोन करायच्या. "कुठवर आले तुमचे घोडेस्वार?" लोयांगला अडकलेत, मी म्हणायचे. "अडकायला काय झालं? घोडे आहेत ना त्यांच्याकडे?" घोडे होते. श्याओवेनच्या थोरल्या मुलानं ते मागवलेही होते. त्या मुलाला लोयांगचा उन्हाळा सोसायचा नाही. अंगानं जाड होता, घामाघूम व्हायचा, त्याला उत्तरेला जायचं होतं, थंड गवतात. बाप बाहेरगावी असताना त्यानं पळून जायचा बेत केला. पकडला गेला. बापानं स्वतःच्या हातानं त्याला मारलं, मग कोंडून ठेवलं, आणि पुढं विष धाडलं. पंधरा वर्षांचा होता. हे लिहिताना बाहेर कत्तिरीचं ऊन पेटलं होतं. मे महिन्यातल्या या उन्हाला इथं असं नाव आहे, त्याला महिन्याचे ठरलेले दिवस आहेत. पंख्याखाली सहाना घामानं चिंब झोपली होती. त्या मुलाची आई कुठं होती, असं मी शोधत बसले, आणि मग ते सापडलं. त्या घराण्याची रीत होती. मुलगा गादीचा वारस ठरला की त्याच्या आईला मरावं लागे. पुढं तिच्या माहेरच्यांचा शब्द दरबारात चालू नये म्हणून. हा मुलगा पाळण्यात होता तेव्हाच तिला मरायला लावलं. श्याओवेनच्या आईलाही तसंच. म्हणजे ज्यानं हुकूम काढला तोही आईशिवायच वाढलेला. मी लॅपटॉप मिटला. मला त्या बायकांची नावं लिहवेनात. मग मी सहानाजवळ आडवी झाले आणि तिच्या कानाशी बोलायला लागले. झोपेतल्या मुलीशी बोललं तर नियम मोडतो का, हे संयुक्तानं सांगितलं नव्हतं. अगदी हळू. माझ्या बाळाला किती घाम आलाय, कुठं गेली होतीस तू, कोण माझं आहे, असलं काहीही. एकदा डोळे वर केले तर दारात सासूबाई. त्यांच्या हातात वाळलेल्या कपड्यांची चळत होती. पायानं दार ओढून घेऊन गेल्या.

दहा-बारा दिवस मी तसं केलं. मग भीती वाटायला लागली. शब्द अजून येत नव्हता, आणि सगळं घर नियम पाळत होतं, मी सोडून. लोक नवसाला मीठ सोडतात, चप्पल सोडतात. मी झोपेतलं बोलणं सोडलं. तिच्याजवळ पडून ओठ मिटून घ्यायचे. तोंडात शब्द कोंदून राहायचे, शिळ्या भातासारखे, वास येईल असं वाटायचं. घरात दिवसभर माझ्याशी मराठी बोलणारं कुणी उरलं नव्हतं. श्रीहरीसुद्धा सवयीनं माझ्याशी तमिळ बोलून जायचा आणि मी सवयीनं मान हलवायचे.

मेच्या शेवटच्या आठवड्यात सासऱ्यांचं श्राद्ध आलं. सासूबाई पहाटेपासून सोवळ्यात. या घरात एक रीत आहे, मी ती लग्नानंतर पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला हसू आलं होतं. श्राद्धाच्या दिवशी घरात तमिळ बोलत नाहीत. पितर आले आणि त्यांना कळलंच नाही तर दारातून परत जातील. सासरे जन्मभर वीज बोर्डात होते, रोज तमिळ पेपर वाचायचे, तमिळमध्ये भांडायचे, त्यांचं मराठी ऐकायला सणवार लागायचा, असं श्रीहरीच सांगतो. पण मेलेल्या माणसाची तमिळ जाते, असं इथं धरून चालतात. "आज अस्की मराठीच," सासूबाई म्हणाल्या. "सहानाशीं?" श्रीहरीनं विचारलं. त्या तुपाचं भांडं पुसत राहिल्या. "एक दिवस. तुझ्या बापाचा दिवस आहे. त्या बाईला कोण जाऊन सांगणार?"

मी तोबांच्या गुहेचं कुणाला सांगितलं नव्हतं. त्यांचे पूर्वज जिथून निघाले ती उत्तरेतली गुहा त्यांना पुष्कळ पिढ्यांनी कळली. राजानं माणसं पाठवली, पितरांना नैवेद्य दिला आणि भिंतीवर प्रार्थना कोरली. ती प्रार्थना एकोणीसशे ऐंशी साली सापडली. सगळी चिनीत आहे. जुन्या बोलीतले दोनच शब्द त्यात राहिलेत, आजाला म्हणायचा मानाचा शब्द आणि आजीला म्हणायचा. बाकीचं त्या आज्या-आजोबांना काय कळलं असेल? दुपारी गच्चीवर सासूबाईंनी कठड्यावर भाताचा पिंड ठेवला. फरशी इतकी तापली होती की आम्ही सगळे पाय बदलत उभे होतो. पलीकडच्या इमारतीवरही कुणाचं तरी श्राद्ध होतं, तिथले लोक कावळ्याला तमिळमधून बोलवत होते. सासूबाईंनी पदर सावरला. "या हो, या. उन्हांत आलां. जेवून जा," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज मला ओळखू येईना, इतका तो तरुण होता. सासरे असताना त्या अशाच बोलत असतील. या घरात माझी भाषा अजून आहे. मी गेल्यावर माझ्याशी ती नक्की बोलतील.

भटजी जेवून गेले. आम्ही पानांवर बसलो तेव्हा अडीच वाजले होते. सहानाची झोप टळली होती, ती भुकेनं आणि पेंगेनं चिडचिडी झालेली. मी तिला मांडीवर घेतलं. महिन्याभरानं मांडी भरली. आमटीभात कालवला, वर तूप घातलं, आणि मग मी बोलायला लागले. कुणी अडवणार नव्हतं. पूर्वी भरवायचे तसं, हा घास तांबड्या घोड्याचा, हा काळ्या घोड्याचा, हा पाय दुखतो म्हणून मागं राहिलेल्या शिंगराचा, त्याची आई त्याला शोधतेय बघ, खिंकाळतेय, आ कर माझी राणी, आ कर, किती दिवसांनी बोलतेय मी तुझ्याशी, रागावलीस का गं. मला थांबता येईना. श्रीहरी खाली मान घालून जेवत होता. सहाना माझ्या तोंडाकडे बघत होती. फार लक्ष देऊन बघत होती, पाहुण्यांकडे बघतात तसं. मी घास पुढं केला. तिनं मान मागं घेतली, माझं मनगट धरून बाजूला केलं आणि म्हणाली, "वेंडाम."

नको. स्वच्छ, तिन्ही अक्षरं लागलेली, तमिळमध्ये.

सासूबाईंनी उष्टा हात छातीशी धरला. श्रीहरी पानावरून अर्धवट उठला तसाच राहिला. "बोल्ली," तो म्हणाला. "अम्मा, बोल्ली ती. ऐकलेंत ना?" सासूबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, त्या एकदम तमिळमधून सहानाला काय काय म्हणत सुटल्या, पितर दारात उभे असतील नसतील. श्रीहरी मांडी घालून तिच्यापुढं बसला, त्याच्या कपाळावरचं गंध घामानं ओघळलं होतं. "परत म्हणव," तो मला म्हणाला. "विद्यु, परत म्हणव ना तिला." मीही हसत होते. माझं तोंड हसत होतं हे मला गालांवरून कळत होतं. माझी मुलगी बोलली होती. ती मुकी नव्हती, तिला काय नको ते तिला सांगता येत होतं. आता जुलैत कुणाकडे जायला नको होतं. ती माझ्या मांडीवरून उतरू बघत होती, मी तिला डाव्या हातानं धरलं, उजव्या हातानं नवा घास केला, लहानसा, आणि घोड्यांचं नाव घेऊन तिच्या ओठांपाशी नेला.

"वेंडाम."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी आणखी एक घास कालवला.